खासगी आणि दौलत

आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींत होणाऱ्या वक्तृत्वस्पर्धांस परीक्षक म्हणून बसण्याचा योग आमच्या वाट्यास पुष्कळदा येतो. विषय ‘आदर्श नेतृत्व’ असा असला की दर तीन स्पर्धकांत एक तरी रामशास्त्री प्रभुणे होतो. इ. स. १७७३ मधील नारायणराव पेशव्यांचा खून, राघोबादादांना ऐकविलेले देहान्त प्रायश्चित्त, आणि पदावर लाथ मारून निघालेले शास्त्रीबुवा. टाळ्या पडतात; त्या पडाव्यातही. प्रसंग थोरच आहे. परंतु गुणपत्रिकेवर आकडे मांडताना आमच्या मनात दर वेळी एक शंका डोकावते. खुनी राज्यकर्त्यास तोंडावर शिक्षा ऐकविण्याची वेळ किती जणांच्या आयुष्यात येते? आपल्यापैकी कोणी बँकेत अधिकारी असतो, कोणी कार्यालयात बडे बाबू, कोणी गृहनिर्माण संस्थेचा चिटणीस, कोणी मंडळाचा खजिनदार. आम्ही स्वतः एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक. आपल्या कसोटीचे प्रसंग इतके किरकोळ वेषात येतात, की तो प्रसंग होता हेच तो टळून गेल्यावर उमगते. एक आकडा, एक सही, एक किल्ली, एक ‘राहू द्या हो, कोण बघतंय!’ एवढेच त्यांचे रूप असते.

म्हणूनच नीतीने चालणाऱ्या नेतृत्वाचा विचार करताना आम्हांस दरबारातील गर्जनेपेक्षा हिशेबाच्या वहीचे उदाहरण अधिक उपयोगी वाटते. आणि ते शोधण्यासाठी आम्हां माळव्यातील मराठी माणसांना दूर जावे लागत नाही. नर्मदेच्या काठी महेश्वरास ते अडीचशे वर्षांपूर्वी घडून गेले आहे.

होळकरांच्या राज्यात ‘खासगी’ आणि ‘दौलत’ अशी दोन खाती होती. इ. स. १७३४ मध्ये पेशव्यांकडून मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे स्वतंत्र जहागीर लागली. तिचे उत्पन्न ते खासगीचे. राज्याचा वसूल, फौजेचा खर्च, कारभार हे सारे दौलतीचे. गौतमाबाईंच्या पश्चात खासगी अहिल्याबाईंकडे आली, आणि १७६७ मध्ये पुत्र मालेराव वारल्यानंतर राज्याचा भारही त्यांच्यावरच आला. एकाच बाईच्या हाती दोन्ही थैल्या! १७९५ मध्ये देह ठेवीपर्यंत, म्हणजे सुमारे अठ्ठावीस वर्षे, त्या दोन्ही थैल्यांची तोंडे त्यांनी वेगवेगळी बांधली. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांच्या नावे जे घाट, मंदिरे, धर्मशाळा आणि अन्नछत्रे सांगितली जातात, तो दानधर्म खासगीतून चाले. देवाच्या कामालाही दौलतीला हात लावावयाचा नाही, हा तो दंडक. वाचकहो, यातील खरी अवघड गोष्ट ध्यानात घ्या. चैनीसाठी सार्वजनिक पैसा वापरू नये हे चोरालाही पटते. सत्कार्यासाठीसुद्धा तो आपल्या मर्जीने उधळू नये, हे मात्र भल्याभल्यांना पटत नाही.

सर जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी अहिल्याबाईंच्या मृत्यूनंतर पंचवीसएक वर्षांनी माळव्यात होता. त्या काळी बाईंना पाहिलेली माणसे हयात होती. त्यांच्याकडून ऐकलेल्या गोष्टी त्याने १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात नमूद केल्या. त्यांतील दोन आम्हांस विशेष मोलाच्या वाटतात. खरगोणचे दोन धनाढ्य सावकार निपुत्रिक वारले. त्यांच्या विधवा आपली संपत्ती घेऊन महेश्वरास आल्या आणि ती बाईंच्या पायी ठेवू लागल्या. बाईंनी ती घेतली नाही; ज्यांची ती, त्यांच्या स्मरणार्थ लोकोपयोगी कामी लावा, असा सल्ला दिला. दुसरी गोष्ट इंदूरची. येथील एक सावकार असाच अपत्यावाचून वारला. शहराजवळ तळ देऊन असलेल्या तुकोजी होळकरांना त्या धनात वाटा घ्यावा असे कोणी सुचविले. सावकाराची विधवा महेश्वरास धावली. बाईंनी वस्त्रे देऊन तिचा हक्क कायम केला आणि तुकोजींना निरोप धाडला, की तळ हलवून दूर जा, शहराला उपद्रव देऊ नका. तुकोजी हे काही परके लुटारू नव्हते. बाईंच्याच फौजेचे ते सेनापती, बाईंच्याच विश्वासातले. परक्याचा हात धरणे सोपे. आपल्या उजव्या हाताला ‘थांब’ म्हणणे कठीण.

या गोष्टींवरून आमच्या मनात नेतृत्वाचे एक साधे सूत्र तयार झाले आहे. आपले काय आणि आपल्याकडे सोपविलेले काय, यांमधील रेघ स्वच्छ राखणे, हे पहिले. ती रेघ चारचौघांना दिसेल अशी उघड्यावर ओढणे, हे दुसरे. आणि ती पुसली जात आहे असे दिसताच हाताखालच्या लहानात लहान माणसाला बोट दाखवून बोलता यावे, हे तिसरे. महेश्वरास धावलेल्या त्या विधवेची दाद लागली, ती दार उघडे होते म्हणून. हे तिसरे नसेल तर पहिली दोन फार काळ टिकत नाहीत, असा आमचा तीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव आहे.

मुख्याध्यापकाकडे सोपविलेले असते तरी काय, असे कोणी म्हणेल. वाचकांस आश्चर्य वाटेल, पण पुष्कळ असते. शाळेच्या प्रवेशाची नोंदवही असते. आमच्या मध्यप्रदेशात तिला स्कॉलर रजिस्टर म्हणतात. तीत मुलाचे नाव, बापाचे नाव, जन्मतारीख एकदा लिहिली गेली, की पुढे नोकरी, निवृत्तिवेतन, सारे तिच्यावर अवलंबून राहते. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे एक साडू, सज्जन गृहस्थ, एका संध्याकाळी घरी आले. त्यांचा मुलगा आमच्याच शाळेत शिकून पुढे गेलेला. पुढील भरतीच्या वयोमर्यादेसाठी त्याची जन्मतारीख एका वर्षाने पुढे सरकवून हवी होती. नगरपालिकेचा दाखला आणि रजिस्टर दोन्ही एकच तारीख सांगत होते. म्हणजे चूक दुरुस्त करण्याचा प्रश्न नव्हता, बरोबर असलेले चुकविण्याचा होता.

“अहो, एका आकड्याचा तर प्रश्न आहे,” साडू म्हणाले. “या परमुलखात आपल्या माणसाने आपल्या माणसाला नाही बघायचं, तर कोणी?”

“साडूभाऊ,” आम्ही म्हणालो, “ही वही घरची असती तर आत्ता दौत-लेखणी काढली असती. पण ती घरची नाही.”

चहा निवून गेला. जाताना त्यांनी जिना उतरेपर्यंत मागे वळून पाहिले नाही. त्यापुढील चार वर्षे त्या घरचे आमंत्रण आले नाही. आम्हांस त्याची झळ फारशी पोहोचली नाही, कारण आमचा दिवस शाळेत जातो. ती पोहोचली आमच्या सौभाग्यवतीस. नवरात्रातील एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, “तुमची नीती शाळेत राहते हो. हळदीकुंकवाला मात्र मला जावं लागतं.” या वाक्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. नीतीचे मोल बहुधा नीतिमानाला द्यावे लागत नाही, त्याच्या घरच्यांना द्यावे लागते. थोरांच्या चरित्रांत हा खर्च क्वचितच मांडलेला असतो. ज्याला कोणतेही पुढारपण पत्करावयाचे आहे, त्याने ही बाब घरी आधीच बोलून घ्यावी, एवढे तरी आम्ही अवश्य सांगू.

याचा अर्थ नीती म्हणजे ताठा, असा मात्र कोणी घेऊ नये. ‘नियमात बसत नाही’ असे म्हणून दार लावून घेणारा मनुष्य प्रामाणिक असेल, नेता नव्हे. अहिल्याबाई कृपण नव्हत्या. त्यांच्याइतके दान करणारे राज्यकर्ते आपल्या देशात थोडेच झाले. त्यांचा दंडक एवढाच, की औदार्य दाखवावयाचे ते आपल्या थैलीतून. आमच्यासारख्या पगारदाराची खासगी ती केवढी! तरीही थोडीबहुत असतेच. पैसा नसेल तर संध्याकाळचा वेळ असतो. साडूंच्या मुलाला भरतीच्या परीक्षेसाठी आम्ही रोज तासभर घरी शिकवू, असा निरोप दुसऱ्याच दिवशी धाडला होता. तो आला नाही. परंतु शेजारच्या वाड्यातील दोन मुलांना बातमी लागली. ती वर्षभर येत राहिली. सरकारी वहीतील एक वर्ष कोणाला देणे आमच्या हाती नव्हते. आपल्या दिवसातील एक तास देणे होते. दोहोंतील भेद कळला, की पुष्कळ धर्मसंकटे आपोआप सुटतात.

आता तिसऱ्या सूत्राकडे वळू. शाळांतील मध्यान्ह भोजनाची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर मुलांना कोरड्या धान्याऐवजी शिजविलेले अन्न मिळू लागले. २०२१ पासून तिला पोषण योजना असे नाव आहे. प्राथमिक वर्गातील मुलामागे दररोज १०० ग्रॅम आणि त्यावरील वर्गांत आठवीपर्यंत १५० ग्रॅम धान्य, असे प्रमाण ठरलेले आहे. येथे मुख्याध्यापकाच्या हजेरीपुस्तकातील आकड्याला वजन येते. आणि हे वजन अक्षरशः किलोत मोजता येते. समजा, प्राथमिक शाळेच्या पटावर १४० मुले आहेत आणि आज १०० आली आहेत. हजेरीत १४० मांडली, तर ४० मुलांचे ४ किलो धान्य एका दिवसात उरते. चोवीस दिवसांत ९६ किलो. एवढ्या धान्याला पाय फुटण्यास कितीसा वेळ लागणार? म्हणून जिल्ह्यातील एका खेड्यात आमची नेमणूक होती, तेव्हा प्रार्थना संपताच हजर मुलांची खरी संख्या फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने लिहावयाची, असा आम्ही प्रघात पाडला. लिहिण्याचे काम पाचवीच्या मुलींकडे दिले. मास्तर एखादे वेळी विसरतील, पाचवीच्या मुली विसरत नाहीत. रस्त्याने जाणारा शेतकरीही तो आकडा वाची. रेघ उघड्यावर ओढणे म्हणजे याहून निराळे काय असते?

परंतु आकडा खरा असून भागत नाही. बिहारमधील सारण जिल्ह्यातील एका गावी १६ जुलै २०१३ रोजी शाळेतील जेवणातून विषबाधा होऊन २३ मुले दगावली. कीटकनाशकाच्या डब्यात राहिलेले तेल स्वयंपाकात आले होते. तेलाविषयी स्वयंपाकिणीने आधी शंका काढली होती आणि तिला गप्प बसविण्यात आले, असे त्या दिवसांतील वृत्तांत छापून आले. ते वाचून आम्ही फार अस्वस्थ झालो. ज्या बाईचा शब्द शाळेत सर्वांत हलका, नेमका तोच त्या दिवशी सर्वांत मोलाचा होता. अधिकाराच्या उतरंडीत शहाणपण वरून खालीच वाहते, असा आपला एक भ्रम असतो. वस्तुतः विस्तवाजवळ जो उभा असतो त्यालाच वास आधी येतो.

दुसऱ्याच दिवशी आम्ही शिक्षक, स्वयंसहायता समूहाच्या बाया आणि स्वयंपाकीण मावशी यांना एकत्र बसविले आणि सांगितले, की अन्नाच्या बाबतीत मावशींनी ‘नको’ म्हटले तर ते शेवटचे. मुख्याध्यापकांनी ‘चालेल’ म्हटले तरीही नको. पुढील पावसाळ्यात हा नियम कसास लागला. ओल धरलेली डाळ मावशींनी बाजूला ठेवली. दुकानातून दुसरी आणून शिजेपर्यंत मुलांना जेवायला दोन वाजले. त्याच दिवशी तपासणी आली, आणि विलंबाचा खुलासा वरच्या कार्यालयाने मागितला. तो आमच्या सहीने गेला. मावशींचे नाव त्यात घातले नाही. घालावयाचे कारणही नव्हते. हाताखालच्या माणसाला बोलण्याचा अधिकार द्यावयाचा, तर त्या बोलण्याचा भार वरच्याने उचलावयास हवा. एरवी तो अधिकार म्हणजे भिंतीवरचे सुभाषित होऊन बसते.

शिक्षणाच्या हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याने सरकारी शाळांना व्यवस्थापन समिती दिली. तीत तीन चतुर्थांश सभासद मुलांचे पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. पुष्कळ ठिकाणी ही समिती सह्यांपुरती उरते, याचे कारण उघड आहे. मजुरी बुडवून आलेली आई खुर्चीच्या कडेवर बसते आणि मास्तर वाचतील त्यावर अंगठा उठविते. आमच्या सभेत एकदा अशाच एका बाईने विचारले, “माटसाब, पाण्याच्या टाकीचे पैसे आले असं ऐकते. टाकी कुठंय?” एका सहकारी शिक्षकाच्या कपाळावर आठी पडली. पैसे बँकेत होते, मंजुरीचा कागद यावयाचा होता. आम्ही बँकेचे पुस्तक काढले आणि त्या बाईच्या आठवीतल्या मुलीला बोलावून तिच्याकडून ते सर्वांसमोर मोठ्याने वाचून घेतले. पुढील सभेपासून पुस्तक वाचण्याची पाळी मुलांचीच ठरली. प्रश्न विचारणाऱ्यावर रागावणे हा हिशेब खोटा असल्याचा पहिला पुरावा समजला जातो, आणि तो समज सर्वस्वी चुकीचा नाही.

आता शाळेचे फाटक ओलांडून आपल्या समाजाकडे येऊ. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपणां मराठी मंडळींचे जीवन मंडळे, वाचनालये, गणेशोत्सव आणि वधूवर-मेळावे यांभोवती गुंफलेले आहे. आपण थोडे आहोत, म्हणून एकमेकांना धरून आहोत. हे आपले बळ. आणि खरे सांगावयाचे तर हीच आपली दुबळी बाजूही. ‘आपण सगळे घरचेच’ या गोड वाक्याखाली किती तरी गोष्टी झाकल्या जातात. वर्गणीची पावती फाडावयाची राहते, कारण देणारे काका घरचे. सभागृहाचे भाडे माफ होते, कारण लग्न चिटणिसांच्या पुतणीचे. एकच गृहस्थ वीस वर्षे अध्यक्ष राहतात, कारण त्यांना ‘उठा’ म्हणणे वाईट दिसते. यांत लबाडी असतेच असे नाही. बहुधा प्रेमच असते. पण दौलतीची थैली प्रेमाने उघडली काय आणि लोभाने उघडली काय, ती हलकी व्हावयाची ती होतेच. मग तरुण मुले सभांना यावयाची थांबतात, आणि आपण ‘नव्या पिढीला मराठीचा ओढा नाही’ असे म्हणून उसासे टाकतो.

आमच्या लहानपणी मंडळाचे एक खजिनदार होते. पेशाने कारकून. गणपतीच्या वर्गणीसाठी त्यांच्याजवळ पत्र्याची पेटी असे. एकदा बाजारात त्यांना स्वतःसाठी भाजी घ्यावयाची होती आणि खिशात सुटे नव्हते. पेटी बगलेत होती. आम्ही शाळकरी मुले बरोबर होतो. आमच्यापैकी एकाने पेटीकडे बोट दाखविले. ते हसले आणि म्हणाले, “बाळ, ते गणपतीचं. गणपती काही उसनं देत नाही.” त्या दिवशी ते भाजी न घेता परतले. अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी ते पै-पैचा जमाखर्च मोठ्याने वाचीत, आणि शेवटी मान वर करून विचारीत, “कोणाला काही पुसायचंय?” ते बराच वेळ थांबत. हे थांबणे आमच्या चांगले लक्षात आहे. ‘शंका आहे का’ असे विचारून पुढच्याच श्वासात ‘नाही ना? मग आभार!’ म्हणणारे पुढे पुष्कळ भेटले. असे थांबणारे थोडे.

नेतृत्व म्हणजे पुढे चालणे, अशी व्याख्या आम्ही विद्यार्थ्यांना सांगत आलो. तिच्यात आम्ही अलीकडे एवढी भर घालतो, की पुढे चालणाऱ्याने मागच्यांना आपले हात दिसतील असे चालावे. त्या हातांत काय आहे, ते कोणाचे आहे आणि कोठे न्यावयाचे आहे, हे विचारण्याची मागच्या शेवटच्या माणसाला मुभा असावी. असे पुढारपण करण्यास राज्य लागत नाही, रामशास्त्र्यांची विद्वत्ता लागत नाही; घरातील भिशी, वाड्यातील पाण्याचा पंप, मंडळाचे वाचनालय एवढे क्षेत्र पुरते.

आणखी थोड्या वर्षांनी आम्हांस निवृत्त व्हावयाचे आहे. सरकारी नोकरीत त्या दिवशी कार्यभार सोपविण्याची एक लांबलचक यादी करतात. टेबले इतकी, कपाटे इतकी, नकाशे, घंटा, किल्ल्या. घेणारा मोजून घेतो, देणारा मोजून देतो, दोघे सह्या करतात. आम्हांस ही पद्धत फार आवडते. किंबहुना माणसाने प्रत्येक पदावर पहिल्या दिवसापासून ती यादी मनाशी धरूनच बसावे असे वाटते. जे मोजून द्यावयाचे आहे, ते आपले नव्हे. या वर्षी आपापल्या मंडळाच्या वार्षिक सभेस जाल, तेव्हा जमाखर्चाचा कागद हाती येताच घडी घालून खिशात ठेवू नका, एवढीच आमची विनंती. एखादा प्रश्न पुसा. आणि आपण स्वतः खजिनदार असाल, तर पुसणाऱ्यास पुढच्या रांगेत बसावयास जागा द्या.